खानापूर–बेळगाव: रूळ दोन झाले, आता सकाळची गाडी कधी?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, परवा पुन्हा माझा अर्धा दिवस कापला गेला. पिरनवाडीच्या अलीकडं पाऊस असा धरला की समोरचा ट्रक दिसेना. गाडी बाजूला घेऊन एका पानटपरीच्या पत्र्याखाली पाऊण तास उभा होतो. रेनकोट होता, तरी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. सॉक्स पिळून परत पायात घातले. उद्यमबागेत पोचेस्तोवर आठची शिफ्ट सुरू होऊन पन्नास मिनिटं झालेली. सुपरवायझर काही बोलला नाही, रजिस्टर फिरवून माझ्यासमोर ठेवलं फक्त. ते बोललेल्यापेक्षा वाईट.

तर मुद्दा. खानापूर स्टेशन माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. तिथून बेळगाव २६ किलोमीटर. २७ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते बेळगाव स्टेशनच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, खर्च साधारण १९० कोटी. त्याच दिवशी लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरी मार्गही देशाला अर्पण झाला, तो साधारण ९३० कोटींचा. वर विजेची तार आली. वंदे भारत आली, आधी पुणे–हुबळी, मग २०२५ च्या ऑगस्टात बेंगळुरू–बेळगाव. सगळं आलं, चांगलं झालं. खरं मी अजून टू-व्हीलरवरच.

मला मुंबईसारखी तीन मिनिटाला एक गाडी नको. एकच जोडी पाहिजे. सकाळी साडेसहाच्या सुमाराला लोंढ्याहून सुटावी, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर असं करत पावणेआठच्या आत बेळगाव गाठावं, आणि संध्याकाळी सहाला परत निघावं. पॅसेंजर आहेत दोन-चार, नाहीत असं नाही, पण त्यांची वेळ शिफ्टला जुळत नाही. लांबच्या गाडीचं वेळापत्रक लांबच्या प्रवाशासाठी बसवलेलं असतं, मधल्या माणसाला ती मिळाली तर त्याचं नशीब.

हे फक्त मलाच वाटतंय की अजून कुणाला?

गेट_नंबर_दोन

नमस्कार. मी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहतो. तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण तुमची जोडी म्हणजे आमचं गेट दिवसात आणखी दोनदा बंद. तिसऱ्या गेटावर पूल झाला, कपिलेश्वरला झाला, गोगटे सर्कलचा नवा झाला. आमच्याकडे मात्र सकाळी शाळेच्या वेळेला गेट पडलं की काँग्रेस रोडवर स्कूटरींची जत्रा भरते. पोरं मागच्या सीटवर बसून गृहपाठ पुरा करतात, अतिशयोक्ती नाही. डबल लाईन झाल्यापासून एक गाडी गेली म्हणून हुश्श करावं तर गेट उघडतच नाही, दुसऱ्या बाजूने दुसरी येत असते.

मलप्रभाकाठ

दादा, तुमचं गेट वंदे भारतसाठी बंद होतंय तेव्हा लोक मोबाईल काढून व्हिडिओ काढतात. आमच्या गाडीसाठी दोन मिनिटं थांबा की.

गेट_नंबर_दोन

:) बरं. थांबू.

डोंबिवलीचा_नंदगडकर

धागा वाचून राहवलं नाही. मूळ नंदगड, गेली बावीस वर्षं डोंबिवलीत. सकाळी सात अडतीसची फास्ट.

लोकल लोकल म्हणून गावाकडं फार अप्रूप आहे, म्हणून आधी जरा खरं चित्र सांगतो. सात अडतीसची गाडी असली तरी मी सात वाजता स्टेशनात असतो. काही लोक डोंबिवलीहून उलट्या दिशेनं कल्याणला जातात, तिथं सीट पकडतात आणि त्याच गाडीतून डोंबिवली ओलांडून मुंबईकडं येतात. म्हणजे बसायला मिळावं म्हणून मागं जायचं. तीन जणांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो, त्याला 'चौथी सीट' म्हणतात आणि तीही मागून घ्यावी लागते. गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते, तेवढ्यात दोनशे माणसं उतरतात आणि तीनशे चढतात. उतरायचं तर आधीच्या स्टेशनापासून दाराकडं सरकत राहायचं, नाहीतर ठाण्याऐवजी घाटकोपर.

खरं एक गोष्ट मानावी लागेल. इथं आयुष्य गाडीच्या वेळेवर बांधलेलं आहे आणि गाडी ती वेळ बहुतेक पाळते. बोरीबंदर–ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, विजेवरची पहिली ३ फेब्रुवारी १९२५ ची, व्हीटी ते कुर्ला. शंभर वर्षं झाली त्याला. मध्य आणि पश्चिम मिळून आता रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या आहेत. गिरणीत गेलेल्या आपल्या खानापूर-चंदगडच्या माणसांची घरं परळ-लालबागेत होती, तेव्हा ती कामावर चालत जायची. पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारला फेकली गेली ती या लोकलच्या जिवावरच. लोकल नसती तर मी नंदगडलाच असतो. ते बरं झालं असतं की वाईट, ते रविवारी ठरवतो.

तुम्ही जे मागताय ते 'लोकल' नव्हे, 'शटल' आहे, म्हणजे जवळच्या दोन गावांत ये-जा करणारी एकच गाडी. नाव नीट घ्या, मागणी हलकी होईल.

रूळकाका

नंदगडकरांशी सहमत, शटल म्हणा. मी निवृत्त रेल्वेवाला, या लाईनवर मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळापासून काम केलं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. तरुण मंडळींनी सांभाळून घ्यावं.

ही लाईन सदर्न मराठा रेल्वे कंपनीची. कंपनी १८८२ ची, कचेरी धारवाडला. 'मराठा' हे नाव दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी मुलखावरून, म्हणजे सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग हा सगळा पट्टा. पुढे १९०८ ला मद्रास रेल्वेशी जोडून मद्रास अँड सदर्न मराठा झाली, १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, आणि २००३ पासून नैऋत्य रेल्वे, मुख्यालय हुबळी. इतक्या पाट्या बदलल्या, पण इदलहोंडचा चढ तोच आहे.

एकेरी मार्ग म्हणजे काय हे आता कुणाला कळायचं नाही. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. त्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन द्यायचं. लोखंडी गोळा, चेंडूएवढा, चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवीला वेताची मोठी कडी. न थांबणारी गाडी आली की फलाटाच्या टोकाला कडी वर धरून उभं राहायचं, फायरमन वाकून हातात अडकवून घ्यायचा आणि आधीची कडी खाली फेकायचा. पावसात कडी निसटली की गाडी उभी. मग कंदील घेऊन चिखलात गोळा शोधायचा. एकदा मी स्वतः गवतात अर्धा तास शोधला आहे, तोही गाडीतल्या लोकांच्या शिव्या ऐकत.

आणि क्रॉसिंग. पॅसेंजर देसूरला किंवा गुंजीला बाजूच्या लाईनवर उभी करून समोरून येणारी एक्स्प्रेस सोडायची. ती लेट असली की पॅसेंजरही लेट. लोक खाली उतरून शेंगा खायचे, पोरं जांभळं पाडायची. पॅसेंजरवरचा लोकांचा विश्वास गेला तो तिथं. दुहेरी मार्गानं हे दुखणं संपलं, आता जाणारी आणि येणारी वेगवेगळ्या रुळांवर. म्हणून धागाकर्त्याची मागणी आत्ताच रास्त आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी हसलो असतो.

मलप्रभाकाठ

काका, मग अडतंय कुठं? रूळ आहेत, वीज आहे.

रूळकाका

तीन ठिकाणी अडतं.

पहिलं, डबे. अशा कामाला मेमू पाहिजे, म्हणजे जवळच्या अंतराची विजेवरची गाडी. मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, मोटर डब्यातच असते, त्यामुळे लोंढ्याला पोचल्यावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला नेऊन लावायची भानगड नाही. ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला की गाडी फिरली. शिवाय वेग लवकर धरते, लवकर थांबते. दर सहा-आठ किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला तेच महत्त्वाचं. पण मेमूला रोजची देखभाल, रात्रीचा मुक्काम, क्रू, हे सगळं लागतं. एका जोडीसाठी एक आख्खी गाडी दिवसभर बेळगावात उभी ठेवायची का, असा प्रश्न ऑपरेटिंगवाले विचारणार, आणि तो चुकीचा नाही. म्हणून मागणी करताना दुपारची कामगिरीही सुचवा. सकाळी लोंढा, दुपारी घटप्रभा किंवा मिरज, संध्याकाळी परत लोंढा. गाडी फिरती राहिली पाहिजे.

दुसरं, पैसा. साध्या पॅसेंजरचं किमान तिकीट दहा रुपये. कोविडनंतर याच गाड्यांना एक्स्प्रेसचं किमान भाडं तीस रुपये लावलं होतं, ते २०२४ च्या फेब्रुवारीअखेर परत दहावर आलं. दहा रुपयांत आणि मासिक पासात गाडीचा खर्च निघत नाही, कुठंच नाही, मुंबईतही नाही.

तिसरं, तुम्हीच. म्हणजे प्रवासी. किती जण येणार, हे कुणी मोजलेलं नाही.

जाता जाता: मुंबईत तीन मिनिटाला गाडी सोडता येते ती ऑटोमॅटिक सिग्नलवर, एकामागून एक. आपल्याकडं दोन स्टेशनांच्या मधला तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. पण सकाळी एका शटलला तेवढी फट निघते. वेळापत्रकात फट शोधणं हे काम आहे, अशक्य नाही.

बाळेकुंद्रीचा_बाब्या

आमच्या तकडं पण बघा की कोणतरी. सांबऱ्याला इमान येऊलालंय, रेल्वे थांबतीय का बघाय लागतंय.

आक्का_खानापूर

बायकांच्या बाजूनं लिहिते. जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आहे, सरकारी साध्या बसमध्ये आम्हाला तिकीट शून्य. आधार दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. मी शाळेत नोकरी करते, महिन्याचा बसचा खर्च वाचला, खोटं कशाला बोलू. आता दहा रुपयांची का असेना, गाडीचं तिकीट काढून मी येईन का? शिवाय बस सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला सोडते, तिथून शाळेची सिटी बस लगेच. स्टेशनवरून तीच सिटी बस धरायला रिक्षा करून सीबीटीला यायचं, म्हणजे उलटाच खर्च.

पण थांबा. बसमध्ये आता उभं राहायलाही जागा नाही. काल एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं मैत्रिणीचं बाळ धरलं होतं, आणि कंडक्टर "फुडं सरका, फुडं सरका" म्हणत होता. पुढं कुठं, इंजिनात? पुरुष मंडळी गाडीकडं गेली तर बसमध्ये आम्हाला बसायला मिळेल. तेवढ्यासाठी माझा पाठिंबा घ्या.

चंदगडी_मिरची

आक्का, तुमचं बरं आहे. आम्ही हद्दीपलीकडचे. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. शिनोळीच्या पुढं पूर्ण. माझी आई बेळगावच्या बाजाराला येताना दर वेळी कंडक्टरला विचारते, "हद्द सरकली का रे?"

निपाणकर

तुमच्याकडं गाडीची वेळ चुकतेय म्हणून रडताय. आमच्या निपाणीला रेल्वेच नाही. आजोबांनी सर्व्हेची बातमी वाचली, वडिलांनी वाचली, मी वाचली. चालू द्या.

सीमावासी_७७

मुळात स्टेशनवर मराठीत एक पाटी नाही, घोषणा नाही, आणि तुम्ही शटल मागताय? आधी...

संपादक

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिथं लिहावं. इथं गाडीबद्दल.

डोंबिवलीचा_नंदगडकर

पाटीवर हिंदीतलं नाव देवनागरीतच असतं हो, वाचता येतं. गाडी आली तर कुठल्याही लिपीत चढू.

रायबागवाला

दक्षिणेकडचं बोलून झालं असेल तर उत्तरेकडचंही ऐका. आमच्याकडं रायबाग, चिंचली, कुडची, उगार, शेडबाळ इथला माणूस आजारी पडला की मिरजेला जातो. हे आजचं नाही. मिशनचा दवाखाना एकोणिसाव्या शतकातला, तेव्हापासूनची वाट आहे. पहाटेच्या पॅसेंजरला एक्स-रेची पाकिटं छातीशी धरून बसलेली माणसं दिसतात. माझ्या वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नेत होतो. जाताना गाडी मिळायची, येताना वेळ जुळायची नाही. डायलिसिस झालेला माणूस फलाटावरच्या बाकावर तीन तास आडवा. मी शेजारी बसून त्यांच्या पायावरच्या माश्या हाकायचो. शेवटी जीप ठरवली. कुणाला दोष देत नाही, तेव्हा लाईन एकेरी होती.

बेळगाव–मिरज १३८ किलोमीटर. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणजे आख्ख्या टप्प्याचा पास निघू शकतो. एक अडचण अशी की मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आणि आपण नैऋत्यच्या हुबळी विभागात. मिरजेत फलाट द्यायचा म्हणजे दुसऱ्या झोनला विचारायचं. काकांनी दुपारची फेरी मिरजेपर्यंत सुचवली ती चांगली आहे, पण ही गाठ तिथंच बसते.

रूळकाका

बरोबर पकडलंत. झोन बदलला की पत्रव्यवहार वाढतो. म्हणून पहिल्या टप्प्यात घटप्रभेपर्यंतच मागावं. सगळं आपल्याच विभागात.

मिरजेवरून आठवलं. पुणे–मिरज ब्रॉड गेज, म्हणजे रुंद रूळ, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं आणि आपला मिरज–लोंढा तुकडा नव्वदच्या दशकापर्यंत मीटर गेजच होता. वीसएक वर्षं मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक बेळगावकरानं मिरजेत गाडी बदलली. रात्री झोपेतून पोरांना उठवायचं, वळकटी, ट्रंक, कुंद्याचा डबा, सगळं हमालाच्या डोक्यावर, आणि पुलावरून धावत पलीकडच्या फलाटावर. कुंद्याचा डबा मात्र हमालाकडं कुणी देत नसे, तो हातातच.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. काकांचा शेवटचा प्रश्न डोक्यात बसला, म्हणून दोन दिवस सकाळी जाऊन खानापूर बसस्टँडवर आणि हायवेला उभा राहिलो. शास्त्रीय काही नाही, डोळ्यांनी बघितलं आणि माणसांना विचारलं.

एक गोष्ट माझ्याच लक्षात आली नव्हती. उद्यमबाग आणि मच्छेच्या इंडस्ट्रियल इस्टेटला जाणाऱ्यांना बेळगाव स्टेशनवर उतरून उपयोग नाही. खानापूरकडून येताना उद्यमबाग आधी लागते, गाडी तिथून तशीच पुढं जाते, मग स्टेशनवर उतरून तेवढंच मागं यायचं. ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच तोंडावर फेकलं: "स्टेशनात उतरून परत माघारी येऊ व्हय?" एकानं तर हँडलवर डबा अडकवत विचारलं, "गेटापाशी हळू होतीय न्हवं गाडी, मग थांबाय काय जातंय तिचं?"

म्हणून मागणी बदलतो. गाडी महत्त्वाची, पण उद्यमबागेजवळ एक हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा, त्याहून महत्त्वाचा. मच्छ्याचे लोक देसूरला उतरतील, तिथून कंपनीची गाडी किंवा शेअर रिक्षा.

रूळकाका

आता मागणीला आकार आला. हॉल्टला स्टेशन मास्तर लागत नाही, सिग्नल लागत नाही. फलाट, शेड, दिवा, पाण्याचा नळ आणि कमिशनवर तिकीट विकणारा एजंट. खर्च स्टेशनच्या मानानं किरकोळ. पण हॉल्ट मंजूर होताना तिकीटविक्रीचा अंदाज मागतात, आणि दोन्ही बाजूंच्या स्टेशनांपासूनचं अंतर बघतात. त्यात वळणावर किंवा चढावर फलाट चालत नाही. जागा नीट शोधावी लागेल. तिसऱ्या गेटाच्या आसपास सरळ तुकडा आहे का, हे कुणी तरी चालत जाऊन बघा. रुळावरून नव्हे, रस्त्यावरून.

गेट_नंबर_दोन

तिसऱ्या गेटापाशी हॉल्ट? म्हणजे सकाळी उद्यमबागेची गर्दी दुसऱ्या गेटापर्यंत येणारच नाही, अलीकडंच उतरेल. हे आधी का नाही सांगितलंत. मी येतो बघायला. रविवारी?

किल्लेदार

एक शंका. धारवाड–कित्तूर–बेळगाव नवी लाईन होणार आहे ना, सुमारे ७३ किलोमीटरची? सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना मागं लागले होते, २०२० मध्ये ते गेले. ती देसूरकडून फुटणार म्हणतात. मग हुबळीच्या गाड्या तिकडून जातील, आणि खानापूर–लोंढा आणखी ओसाड पडेल की मोकळं होईल?

रूळकाका

दोन्ही. हुबळीची गर्दी तिकडं गेली तर शटलला फट जास्त मिळेल. पण खानापूरला आज थांबणाऱ्या गाड्याही कमी होतील. शिवाय त्या लाईनला जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, पिकाऊ जमीन आहे ती. त्यावर मी मत देत नाही, माझी जमीन जात नाही.

आक्का_खानापूर

बेंगळुरूच्या उपनगरी रेल्वेला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, १४८ किलोमीटर, चार मार्ग. तिथल्या माझ्या भाचीला विचारलं, बसतेस का त्यात? म्हणाली, मावशी, अजून खांबच बघतेय. राजधानीची ही गत, म्हणून म्हणते, तुमची एक जोडी आणि एक हॉल्ट हे लहान आहे तोवरच मागून घ्या.

मलप्रभाकाठ

रविवारी सकाळी आठला तिसऱ्या गेटाच्या पुलाखाली. गेट_नंबर_दोन, तुम्ही नक्की या, मोजमापाची टेप माझ्याकडं आहे.

आणि बाकीच्यांनी इथंच लिहा: कुठून चढणार, किती वाजेपर्यंत पोचायचंय, कुठं उतरायचंय, घरात अजून कोण. नाव नको. मी सगळं वहीत उतरवून काकांना दाखवतो, ते अर्ज लिहून देणार आहेत. माझ्यापासून सुरुवात: खानापूर, आठच्या आत, उद्यमबाग, दोघे (मी आणि मेहुणा).

देसूरचा_इलेक्ट्रिशियन

देसूर, साडेनऊ, बेळगाव स्टेशन. एक.

गुंजीकर

गुंजी. कॉलेज आहे, साडेआठ. उद्यमबाग हॉल्ट झाला तर सोन्याहून पिवळं. आम्ही चौघी, पैकी दोघी बसनंच येणार म्हणतात, फुकट आहे म्हणून.

बाळेकुंद्रीचा_बाब्या

माझं नाव घालू नका, माझी बाजू येगळी. खरं रविवारी येतो, चहा कोण पाजणार?

इदलहोंड_फाटा

इदलहोंड, सात वीस, उद्यमबाग. आमच्या वाडीतले तिघे. एकजण रात्रपाळीचा आहे, त्याला सकाळची परतीची पण लागेल, ते वहीत वेगळं लिहा.